विकसित आणि विकसनशील यांच्या पलीकडे: प्रदेशांच्या विकासाची पातळी कशी वाचावी

हिंगोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करताना तुम्हाला पडलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुस्तकात जगाचे विकसित आणि विकसनशील असे दोनच भाग दिलेले असतात, मग सौदी अरेबिया, ब्राझील, भारत आणि नायजर हे चार देश एकाच गटात कसे बसतात? आणि खंडाखंडांतील या तफावतीचे हवामान, वसाहतवाद व सरकारी धोरण यांपैकी एकच कारण लिहायचे झाले, तर कोणते लिहावे? मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात बरीच वर्षे आर्थिक भूगोल शिकवीत आले आहे आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक तुकडीतून येतो. माझ्या अनुभवात, कारण निवडण्यापूर्वीच विद्यार्थी एका ठिकाणी अडलेला असतो. विकासाची पातळी म्हणून आपण नेमके काय मोजत आहोत, हे त्याला कोणी स्पष्ट करून दिलेले नसते. म्हणून आधी मोजमापाबद्दल लिहिते आणि मग कारणांकडे वळते.

दोन भागांची विभागणी आता जुनी झाली आहे. जागतिक बँकेने २०१६ पासून आपल्या विकास निर्देशकांच्या आकडेवारीत विकसित-विकसनशील असा भेद करणे सोडून दिले. बँक देशांचे चार उत्पन्नगट करते आणि त्यांच्या सीमारेषा दरवर्षी बदलते. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षासाठी दरडोई स्थूल राष्ट्रीय उत्पन्न १,१४५ डॉलरपर्यंत असलेले देश अल्प उत्पन्न गटात, ४,५१५ डॉलरपर्यंतचे निम्न मध्यम, १४,००५ डॉलरपर्यंतचे उच्च मध्यम आणि त्यापुढचे उच्च उत्पन्न गटात मोडत होते. या मापाने तुमचे चारही देश चार वेगवेगळ्या गटांत जातात: नायजर अल्प, भारत सुमारे अडीच हजार डॉलरसह निम्न मध्यम, ब्राझील उच्च मध्यम आणि सौदी अरेबिया उच्च. त्या वर्षी अल्प उत्पन्न गटात २६ देश होते. त्यांपैकी अफगाणिस्तान, येमेन, सीरिया आणि उत्तर कोरिया वगळले तर बाकी सारे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि तिच्या उंबरठ्यावरचे देश होते. प्रादेशिक तफावतीचे इतके स्पष्ट चित्र दुसऱ्या कोणत्याही एका तक्त्यात क्वचितच दिसते.

डॉलरमधील आकडा मात्र जपून वापरावा लागतो. परभणीत घरभाडे, रिक्षाचे भाडे किंवा केस कापण्याचा खर्च यांसाठी जेवढे रुपये लागतात, त्यांचे डॉलर करून झुरिकमध्ये तीच सेवा विकत घेता येणार नाही. म्हणून क्रयशक्ती समानतेनुसार वेगळे उत्पन्न काढले जाते, आणि भारताच्या बाबतीत ते विनिमय दराने काढलेल्या आकड्याच्या साधारण चौपट येते. लोकांचे राहणीमान ताडून पाहायचे असेल तर क्रयशक्तीचा आकडा घ्यावा. देशाची बाहेरून यंत्रे, तेल किंवा औषधे विकत घेण्याची ताकद पाहायची असेल तर विनिमय दराचा घ्यावा. कोणता आकडा बरोबर, याचे उत्तर तुम्ही काय तपासत आहात यावर अवलंबून असते.

माझ्या दृष्टीने खरी शिकवण यापुढच्या तक्त्यात आहे. १९९० पासून संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध करतो. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या वैचारिक साहाय्याने तो घडला. जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान, शालेय शिक्षणाची वर्षे आणि क्रयशक्तीनुसार दरडोई उत्पन्न यांवरून तो काढतात. २०२५ च्या अहवालात १९३ देशांमध्ये भारत १३० वा होता आणि त्याचा निर्देशांक ०.६८५ होता. विद्यार्थी हा क्रमांक पाठ करून थांबतात. मी त्यांना त्याच तक्त्यातील एका दुर्लक्षित रकान्याकडे नेते. उत्पन्नाच्या क्रमवारीतील स्थानातून मानव विकासाच्या क्रमवारीतील स्थान वजा केले की काय उरते, ते त्या रकान्यात दिलेले असते. हा फरक धन असेल, तर त्या देशाने आपल्या उत्पन्नाच्या मानाने लोकांचे आरोग्य आणि शिक्षण अधिक साधले आहे. ऋण असेल, तर पैसा आला पण माणसांपर्यंत तेवढा पोहोचला नाही.

हा एक रकाना वाचला की प्रदेशांकडे पाहण्याची नजर बदलते. कुवेत आणि कतार उत्पन्नात जगाच्या अगदी वरच्या टोकाला आहेत, पण मानव विकासात त्यांचे स्थान त्याहून बरेच खाली येते. विषुववृत्तीय गिनी या आफ्रिकेतील छोट्या देशात १९९० च्या दशकात तेल निघू लागले आणि काही वर्षे तो उच्च उत्पन्न गटातही गणला गेला. तरीही तेथील बालमृत्यू आणि आयुर्मान गरीब देशांच्या पंक्तीतलेच राहिले. याच्या उलट, श्रीलंकेने १९४५ पासून मोफत शिक्षणाचे धोरण स्वीकारले आणि सार्वजनिक आरोग्यसेवा खेड्यांपर्यंत नेली. त्यामुळे २०२२ मध्ये परकीय कर्ज फेडता न आल्याने अर्थव्यवस्था कोलमडल्यानंतरही मानव विकासात तो देश भारताच्या कितीतरी पुढे आहे. उत्पन्न घसरले तरी शिकलेली माणसे आणि वाचलेली मुले लगेच नाहीशी होत नाहीत, हे यातून दिसते. मात्र केवळ शिक्षण आणि आरोग्यावर भागत नाही. परकीय चलन कमावणारे उत्पादन नसेल तर संकट येते, हेही त्याच उदाहरणातून दिसते.

म्हणून कोणत्याही प्रदेशाची पातळी ठरवताना मी तीन गोष्टी याच क्रमाने तपासते. उत्पन्न कशातून येते? ते कोणाच्या हाती राहते? आणि त्यातून पुढच्या पिढीची काम करण्याची क्षमता वाढते का? कारणांचा विचारही याच क्रमाने केला तर घोटाळा होत नाही.

हवामान आणि भूगोलाचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. मराठवाड्यात राहणाऱ्या कोणालाही ते कमी लेखता येणार नाही. जेफ्री सॅक्स यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ सागरकिनाऱ्यापासूनचे अंतर, मलेरिया आणि उष्ण कटिबंधातील शेतीची कमी उत्पादकता यांवर भर देतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बुरुंडी, नायजर किंवा चाड यांना एक कंटेनर बाहेर पाठवायचा तर शेजारच्या देशाचे रस्ते, जकात आणि बंदर यांच्यावर विसंबावे लागते. पण स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही. फरक असा की त्याच्या चहूबाजूंना श्रीमंत बाजारपेठा आहेत आणि तो घड्याळे, औषधे व वित्तसेवा विकतो, ज्यांच्या किमतीपुढे वाहतुकीचा खर्च नगण्य ठरतो. भूगोल अडचण उभी करतो. ती किती महाग पडेल, हे तुम्ही काय विकता आणि तुमचे शेजारी कोण, यावर ठरते.

वसाहतवादाचेही असेच आहे. आफ्रिकेतील अनेक रेल्वेमार्ग खाणीपासून बंदरापर्यंत टाकले गेले, दोन देशांच्या बाजारपेठा जोडण्यासाठी क्वचितच. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरही शेजाऱ्याशी व्यापार करणे युरोपशी व्यापार करण्यापेक्षा कठीण राहिले. झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या निर्यातीतील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तांब्याचा होता. १९७५ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले आणि त्या एका फटक्यात शाळा-दवाखान्यांचा पैसा आटला. पण शेजारचा बोट्सवानाही ब्रिटिशांच्याच ताब्यात होता, त्यालाही समुद्र नाही, आणि १९६६ मध्ये स्वतंत्र होताना तेथे पक्क्या रस्त्याची लांबी जेमतेम १२ किलोमीटर होती. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. ती जमीन पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या प्रदेशात होती, तरीही खनिजांचा हक्क टोळीकडे न ठेवता राष्ट्राकडे देण्यात आला. खाण कंपनीत सरकारने निम्मा वाटा मिळवला आणि ते उत्पन्न रस्ते, शाळा व पाणीपुरवठ्यावर खर्च केले. आज तो देश उच्च मध्यम उत्पन्न गटात आहे. दारोन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या संशोधनासाठी मिळाले, त्याचा गाभा हाच आहे की मालमत्तेचे आणि सत्तेचे नियम समावेशक असले तर समृद्धी टिकण्याची शक्यता वाढते. तरी बोट्सवानाची कहाणी पूर्ण यशाची नाही. तेथील विषमता जगातील सर्वाधिक विषमतांपैकी आहे, आणि हिऱ्यांची मागणी घटल्यामुळे २०२४ मध्ये तेथील अर्थव्यवस्था आक्रसली. तिन्ही प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर त्यांनी बऱ्याच अंशी चांगले दिले, पहिल्याचे अजून दिलेले नाही.

आता मला मॉरिशसबद्दल थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण उसाच्या पट्ट्यातून आलेल्या विद्यार्थ्यांना ते उदाहरण सर्वांत लवकर पटते, आणि तेथे आजही मराठी कुळांचे लोक राहतात. १८३४ नंतर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे उसाच्या मळ्यांवर नेले गेले. १९६८ मध्ये बेट स्वतंत्र झाले तेव्हा निर्यातीचा जवळजवळ सारा भार साखरेवर होता, लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, आणि पुढे नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या आपल्या अहवालात या बेटाच्या भवितव्याविषयी गंभीर चिंता व्यक्त केली होती. भूगोलाच्या नियमाने पाहिले तर हिंदी महासागरातील, वादळांच्या वाटेवरचे, कोणतेही खनिज नसलेले हे बेट गरीबच राहायला हवे होते.

घडले ते असे. १९७० मध्ये निर्यातीसाठी उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना करसवलती देणारा कायदा झाला. १९७५ पासून युरोपीय आर्थिक समुदायाने मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर जागतिक भावापेक्षा बहुधा बऱ्याच चढ्या, ठरलेल्या भावाने घेण्याचा करार पाळला. आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. साखरेतून आलेला जादा पैसा दोन वाटांनी फिरला. एक भाग सरकारने निर्यातकराच्या रूपाने घेऊन शिक्षण, आरोग्य आणि निवृत्तिवेतनावर खर्च केला. दुसरा भाग मळेवाल्यांनी कापड कारखान्यांत आणि हॉटेलांत गुंतवला. कापडाच्या कारखान्यांत हजारो स्त्रियांना पहिल्यांदाच महिन्याचा पगार मिळू लागला. २००९ मध्ये साखरेची हमी संपली तोपर्यंत पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या राहिल्या होत्या. हे बेट आज मानव विकासाच्या अत्युच्च गटात आहे. नशिबाचा भाग त्यात होताच. युरोपची हमी प्रत्येक ऊस उत्पादक देशाला मिळाली नाही. पण हमीचा भाव मिळालेल्या इतर काही देशांना तो पैसा दुसऱ्या उद्योगात नेता आला नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याकडे साखरेचे उत्पन्न कारखाना, वाहतूकदार आणि बागायतदार यांच्यात वाटले जाते, आणि बीड, जालना, परभणी या भागांतून कोयता घेऊन निघणारे ऊसतोड जोडपे मुकादमाची उचल फेडत हंगाम काढते, त्यांची मुले निम्मे वर्ष शाळेबाहेर राहतात. पीक तेच आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

पूर्व आशियाबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरिया आणि घाना यांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते; आज कोरियाचे तीस हजार डॉलरच्या वर आहे आणि घाना निम्न मध्यम गटात आहे. कोरियात क्रम महत्त्वाचा ठरला: १९५० च्या जमीन सुधारणेने धारणेवर सुमारे तीन हेक्टरची मर्यादा आली, त्यानंतर प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक झाले, आणि मग निर्यातक्षम कारखाने उभे राहिले. चीनने १९७८ पासून आणि व्हिएतनामने १९८६ पासून आपापल्या परीने याच वाटेने वाटचाल केली. चीनमधील जवळपास ८० कोटी लोक चार दशकांत अतिदारिद्र्यातून बाहेर पडले, असे जागतिक बँकेचे अनुमान आहे.

लॅटिन अमेरिकेत जमिनीची फेरवाटणी बहुतेक ठिकाणी झाली नाही किंवा अर्धवट झाली, आणि सरासरी उत्पन्न बरे असूनही विषमता कायम राहिली. तुम्ही ब्राझीलचे नाव घेतले आहे, तर त्याच्या ईशान्य भागाकडे जरूर पाहा. एकेकाळी साखरेमुळे श्रीमंत मळेवाल्यांचा असलेला हा प्रदेश पुढे मागे पडला. गुलामगिरी १८८८ पर्यंत टिकली, जमीन थोड्यांच्या हाती राहिली, आतील कोरडवाहू भागात दुष्काळ वारंवार पडत राहिले आणि लोक कामासाठी साओ पावलोकडे स्थलांतर करीत राहिले. १९५९ मध्ये अर्थतज्ज्ञ सेल्सो फुर्तादो यांच्या नेतृत्वाखाली या भागासाठी स्वतंत्र विकास संस्था स्थापन झाली. तरीही तेथील दरडोई उत्पन्न आजही राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे. नकाशावर ब्राझील एका रंगात रंगवला की यातले काहीच दिसत नाही. भारतातही गोवा आणि बिहार यांच्या दरडोई उत्पन्नात आठ-दहा पटींचा फरक आहे. तो अनेक खंडांमधील सरासरी फरकापेक्षा मोठा आहे.

मराठवाड्याचे वाचनही मी याच पद्धतीने करण्यास सुचवते, कारण तुमच्या प्रश्नामागे तोही आहे, असे मला वाटते. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, पर्जन्यछायेत येतो, आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भूगोल आणि इतिहास दोन्ही प्रतिकूल. पण प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्याचा प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हा उत्पन्नापासून सुरुवात केली नाही. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा प्रत्येक क्षेत्रात जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे काढून त्याची किंमत ठरवली. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. सुविधा मोजण्याची ही पद्धत आंतरराष्ट्रीय निर्देशांकांइतकीच अभ्यासण्याजोगी आहे, आणि तिची मर्यादाही: कालवा कागदावर पूर्ण झाला की अनुशेष कमी होतो, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले की नाही हे त्यात येत नाही. त्याचप्रमाणे वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यामुळे छत्रपती संभाजीनगरची सरासरी वर जाते आणि त्याच विभागातील हिंगोली तिच्याखाली झाकली जाते. याउलट राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींसाठी धावणाऱ्या एसटीच्या निळ्या बसगाड्या कोणत्याही उत्पन्नाच्या आकड्यात दिसत नाहीत, पण गावापासून दूर असलेल्या शाळेत बारावीपर्यंत टिकलेली मुलगी दहा-पंधरा वर्षांनी निर्देशांकात नक्की दिसते.

तर एकच कारण लिहायचे झाल्यास काय लिहावे? प्रश्न दोन गुणांचा असेल तर संस्था (म्हणजे मालमत्तेचे आणि सत्तेचे नियम) आणि धोरण लिहा, कारण समान भूगोल व समान इतिहास असलेल्या झांबिया-बोट्सवाना जोडीतील फरक त्यानेच सर्वांत चांगला उलगडतो. प्रश्न दीर्घोत्तरी असेल तर भूगोलाने खर्च वाढवला, वसाहतवादाने एकाच मालावर अवलंबून राहणारी रचना मागे ठेवली, आणि नंतरच्या धोरणाने ती रचना मोडली किंवा टिकवली, अशा क्रमाने मांडा. प्रत्येक दाव्याला एक देश जोडा, आणि त्या देशाविरुद्ध जाणारे एक उदाहरणही द्या, जसे भूवेष्टित, म्हणजे समुद्र नसलेल्या, देशांसाठी स्वित्झर्लंड. आकडा लिहिताना वर्ष, आणि तो विनिमय दराचा की क्रयशक्तीचा, हे दोन्ही लिहा; गुण कापले जातात ते बहुधा तेथे. सरावासाठी मानव विकास अहवालाच्या पहिल्या तक्त्यातील उत्पन्नाचे स्थान वजा मानव विकासाचे स्थान हा रकाना घ्या, त्यातील सर्वाधिक धन आणि सर्वाधिक ऋण फरकाचे पाच-पाच देश काढा, आणि प्रत्येकासमोर तो देश काय विकतो व शाळेवर काय खर्च करतो ते एकेका ओळीत लिहा. ते लिहून झाले की हिंगोली, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यासाठी राज्याच्या आर्थिक पाहणीतील जिल्हावार आकडे घेऊन हाच तक्ता पुन्हा करा. काही अडले तर विचारा.